किड्याकडे नंतर, आधी दारांकडे: काफ्काची ‘मेटामॉर्फसिस’ आपली आपण कशी वाचावी

फ्रान्झ काफ्काची ‘मेटामॉर्फसिस’ ही दीर्घकथा वाचायला घेणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न घेऊन बसतो: तो किडा म्हणजे नेमकं काय? आजारपण? बेकारी? बापाचा धाक? माझं सांगणं असं, की हा प्रश्न पहिल्या वाचनाला बाजूला ठेवा. सकाळी जाग आली तेव्हा ग्रेगोर साम्साचा किडा झाला होता, हे काफ्काने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं आहे आणि पुढे कुठेही त्याचं कारण दिलेलं नाही. घरातलंही कोणी ‘हे असं का झालं’ म्हणून विचारत नाही. पुस्तक जिथे गप्प आहे तिथे डोकेफोड करण्यापेक्षा ते जिथे भरभरून बोलतं तिकडे कान द्यावा. ते बोलतं दारांबद्दल, किल्ल्यांबद्दल, खाण्याच्या भांड्याबद्दल, पैशांबद्दल आणि आगगाड्यांच्या वेळांबद्दल. तुमचा अर्थ तिथेच सापडणार आहे.

मी औषध कंपनीचा एमआर, म्हणजे डॉक्टरांना भेटून औषधं खपवणारा प्रतिनिधी, होतो. हेडक्वार्टर लातूर, आउटस्टेशनला उदगीर, अहमदपूर, नांदेड, अंबाजोगाई. पहाटेची एसटी, खांद्यावर डिटेलिंग बॅग, डॉक्टरांच्या दवाखान्यातलं बाकडं आणि रात्री लॉजवर डीसीआर, म्हणजे दिवसभराच्या भेटींचा अहवाल, भरणं, यात नोकरी गेली. ग्रेगोर साम्सा फिरतीचा विक्रेता आहे, कापडाचे नमुने घेऊन गावोगाव हिंडणारा. त्यामुळे मी ही गोष्ट कुठून वाचतो हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तुम्हीही तेच करा. वाचायला बसण्यापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहा: मी घरात कोण आहे, कमावणारा की सांभाळणारा, की सांभाळून घेतला जाणारा? ही गोष्ट त्यावर फार ठरते. आमच्याकडे महिन्यातून एकदा काही जण वाचायला जमतात. त्यातल्या एका ताईंनी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं केलेलं आहे. त्या ही गोष्ट बहिणीच्या बाजूने वाचतात, आणि त्यांचं म्हणणं मला खोडून काढता आलेलं नाही.

पुस्तक मिळवणं अवघड नाही. जर्मन येत नसेल तर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर इंग्रजी भाषांतर मोफत आहे. गोष्ट छोटी आहे, तीन भागांची. पहिलं वाचन एका बैठकीत करा, पेन्सिल न घेता. प्रस्तावना असेल तर ती सोडून द्या, शेवटी वाचा.

दुसऱ्या वाचनाला मात्र पेन्सिल हवी. आता एकच वस्तू निवडायची आणि ती तिन्ही भागांत कुठे कुठे येते ते खुणा करत जायचं. सगळ्या वस्तू एकदम धरायला गेलात तर हाताला काहीच लागणार नाही. मी दारं निवडली, म्हणून दारांचंच करून दाखवतो.

आधी कागदावर घराचा नकाशा काढा. ही युक्ती माझी नव्हे. कादंबरीकार व्लादिमीर नाबोकोव अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात ही गोष्ट शिकवत असे, त्याच्या व्याख्यानांच्या टिपणांत साम्सांच्या घराचा नकाशा आहे. ग्रेगोरच्या खोलीला तीन दारं. पहिल्या सकाळी पलंगाच्या उशाकडच्या दारावर आई हळूच टकटक करते, बाजूच्या दारावर वडील मुठीने ठोठावतात, दुसऱ्या बाजूने बहीण ग्रेटे दबक्या आवाजात विचारते, बरं नाही का? तिघं तीन दारांशी, आणि तिन्ही दारं आतून बंद. का? तर रात्री सगळी दारं कुलूपबंद करून झोपायची सवय त्याला फिरतीमुळे लागली होती आणि ती त्याने स्वतःच्या घरीही चालू ठेवली होती. काफ्काने हे ओझरतं, एका वाक्यात सांगितलंय.

त्या वाक्यापाशी मी थांबलो. लॉजवर उतरणारा माणूस आधी कडी नीट लागते का ते बघतो, कलेक्शनचे चेक आणि सॅम्पल उशाशी घेतो. ती सवय अंगात मुरते. पण स्वतःच्या घरी, आई-वडील आणि बहीण शेजारच्या खोल्यांत असताना आतून कुलूप लावणारा माणूस घरात कसा राहत असेल? किडा होण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत ग्रेगोर त्या घरात मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यासारखा राहत होता. पैसे देणारा पाहुणा. माझ्या वाचनाचं बीज हे.

आता पुढची दारं बघा. पहिल्या भागात सगळे बाहेरून विनवतात, दार उघड. तो जबड्याने किल्ली फिरवून उघडतो, तोंडातून तपकिरी पाणी गळतं. मग वडील त्याला काठी आणि वर्तमानपत्राने हुसकावत आत ढकलतात आणि काठीनेच दार लोटून देतात. दुसरा भाग सुरू होतो तेव्हा किल्ल्या बाहेरच्या बाजूने लावलेल्या आहेत. हे ग्रेगोरच्या लक्षात येतं: दारं बंद होती तेव्हा सगळ्यांना आत यायचं होतं, आणि आता उघडी आहेत तर कोणीच येत नाही. तिसऱ्या भागात संध्याकाळी बैठकीच्या खोलीचं दार उघडं ठेवतात. तो अंधारात पडून दिव्याखाली बसलेल्या घरच्यांना बघतो, त्यांचं बोलणं ऐकतो. पुढे भाडेकरू येतात आणि ते दार बऱ्याच संध्याकाळी बंदच राहतं. शेवटी ग्रेटेचं व्हायोलिन ऐकून ग्रेगोर बाहेर येतो, त्या प्रसंगानंतर ग्रेटे मागून धावत येते, दार लावते, किल्ली फिरवते आणि आई-वडिलांना ओरडून सांगते, झालं एकदाचं.

आतली किल्ली बाहेर गेली. एवढी एक ओळ तुमच्या वहीत आली, की तुमच्या हातात सांगण्यासारखं काहीतरी आहे.

दारांवर एवढा भर देणं ही माझी हौस आहे असं वाटत असेल, तर लेखकाचंच बघा. 1915 साली पुस्तक छापायचं ठरलं तेव्हा मुखपृष्ठावर चित्रकार किडा काढेल की काय या काळजीने काफ्काने प्रकाशकांना पत्र लिहिलं: तो किडा काढायचा नाही, लांबूनसुद्धा दाखवायचा नाही. त्याऐवजी त्याने जे सुचवलं त्यात दार होतं. बंद दारासमोर आई-वडील आणि कंपनीचा वरिष्ठ कारकून, किंवा उजेडाच्या खोलीत घरची माणसं आणि शेजारच्या काळोख्या खोलीचं दार उघडं. चित्रकार ओटोमार श्टार्केने काढलेल्या चित्रात अर्धवट उघड्या दारापासून तोंड झाकून दूर जाणारा एक माणूस आहे, आणि दाराच्या आत नुसता अंधार.

तुम्ही दाराऐवजी खाणं निवडलंत तरी चालेल. आमच्या ताईंनी तेच केलं, आणि त्यांची वही माझ्यापेक्षा भरलेली होती. पहिल्या दिवशी ग्रेटे भावाच्या आवडीचं दूध ठेवते, त्यात पावाचे तुकडे. त्याला ते तोंडात धरवत नाही. दुसऱ्या सकाळी ती भांडं उचलते, पण नुसत्या हाताने नाही, फडक्याने. मग ती जे करते ते फार मायेचं आहे: जुन्या वर्तमानपत्रावर तऱ्हेतऱ्हेचं खाणं मांडते, याला आता काय आवडतं ते कळावं म्हणून. शिळी, अर्धी सडलेली भाजी, पांढऱ्या सॉसमधली हाडकं, बेदाणे-बदाम, साधा पाव, लोणी लावलेला पाव, आणि दोन दिवसांपूर्वी ग्रेगोरने ‘खाण्यालायक नाही’ म्हटलेलं चीज. तो चीजवर तुटून पडतो. त्याला संकोच वाटू नये म्हणून ती बाहेर निघून जाते. तिसऱ्या भागात तीच ग्रेटे सकाळी आणि दुपारी दुकानात पळण्याआधी हाताला लागेल ते खाणं पायाने खोलीत सरकवते आणि संध्याकाळी केरसुणीने काढून टाकते, त्याने तोंड लावलंय की नाही हे न बघता. हात, फडकं, पाय. ताईंचं म्हणणं असं, की ग्रेटे दुष्ट झाली असं म्हणणाऱ्याने कोणाचं आजारपण महिनोन् महिने काढलेलं नाही. सतरा वर्षांची मुलगी आहे ती, आणि घरातल्या तिघांत आत जाणारी एकटी. हे मला पटतं.

पैशाच्या खुणा शोधायच्या असतील तर दुसऱ्या भागाची सुरुवात सावकाश वाचा. पाच वर्षांपूर्वी वडिलांचा धंदा बुडाला, तेव्हापासून ग्रेगोर, वडील ज्याचं देणं लागत होते त्याच्याकडेच नोकरी करतोय आणि कर्ज फेडतोय. अजून पाच-सहा वर्षं लागतील असा त्याचा हिशेब. सुरुवातीला तो कमिशनचे रोख पैसे टेबलावर ठेवी तेव्हा घरचे हरखून जात. पुढे सगळ्यांना सवय झाली, त्यांना घ्यायची आणि त्याला द्यायची. पैसे आभार मानून घेतले जात, तोही आनंदाने देई, पण त्यातली ऊब गेली होती. हे काफ्का इतक्या साधेपणाने सांगतो, की घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतं. आणि मग दाराआडून ग्रेगोरला कळतं, की वडिलांनी जुन्या धंद्यातली थोडी रक्कम शिल्लक ठेवली होती, शिवाय त्याने दिलेल्या पैशांतलेही काही साठवले होते. ते पैसे भरले असते तर तो त्या नोकरीतून लवकर सुटला असता. रागावण्याऐवजी तो दाराआड खुशीने मान हलवतो, वडिलांनी बरं केलं म्हणून. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त दुखतं ते इथे, वडील त्याला सफरचंदं फेकून मारतात त्या प्रसंगापेक्षाही.

नोकरीचा धागा पहिल्या भागात आहे, आणि फिरतीची नोकरी केलेल्याला तो समजावून सांगावा लागत नाही. गजर चारचा, गाडी पाचची, जाग येते तेव्हा साडेसहा वाजून गेलेले. सात वाजून दहा मिनिटांनी बेल वाजते आणि दारात कंपनीचा वरिष्ठ कारकून हजर. पाच वर्षांत एकदाही आजारी न पडलेल्या माणसाची एक गाडी चुकली, तर दोन तासांत वरिष्ठ घरी! कंपनीचा शिपाई स्टेशनवर नजर ठेवून होता, हे ग्रेगोरला ठाऊकच आहे. आजारी असल्याचं कळवावं तर मालक विमा कंपनीच्या डॉक्टरला घेऊन येईल, आणि त्या डॉक्टरच्या लेखी सगळे धडधाकट, फक्त कामचुकार. मग तो वरिष्ठ आई-वडिलांच्या देखत सुचवतो, की अलीकडेच वसुली तुमच्याकडे सोपवली होती, त्याचं तर काही नाही ना? स्टॉकिस्टकडून, म्हणजे औषधांच्या घाऊक विक्रेत्याकडून, चेक गोळा केलेल्या माणसाला हा प्रश्न ऐकू येतो तेव्हा पोटात खड्डा पडतो. कधी कल्पना न देता बसस्टँडवर उभा राहिलेला एरिया मॅनेजर मीही पाहिला आहे. इथे एक लक्षात घ्या: काफ्का 1908 पासून 1922 पर्यंत प्रागमधल्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. विम्याचा डॉक्टर आणि जखमी कामगार यांच्यात काय चालतं हे त्याने टेबलाच्या पलीकडून रोज पाहिलं होतं.

आपल्या अर्थाला धक्का देऊन बघा

धागा हाती आला की एका वाक्यात आपलं म्हणणं लिहा. माझं असं आहे: ग्रेगोर आपल्याच घरात पैसे देऊन राहणारा उतारू झाला होता, पैसे थांबले तेव्हा त्याची जागा पैसे देणाऱ्या दुसऱ्या उतारूंनी घेतली. याला पुस्तकातला भक्कम आधार आहे. तीन दाढीवाले भाडेकरू जेवायला बसतात ते टेबलाच्या ज्या भागाशी पूर्वी वडील, आई आणि ग्रेगोर बसत तिथेच. घरचे स्वयंपाकघरात जेवतात. वडील टोपी हातात घेऊन भाडेकरूंसमोर वाकतात. आणि भाडेकरूंना घर टापटीप लागतं म्हणून अडगळ, राखेचा डबा, कचऱ्याचा डबा, सगळं ग्रेगोरच्या खोलीत येऊन पडतं.

आता उलटा पुरावा शोधायचा, आणि तो प्रामाणिकपणे लिहायचा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या वाक्यात आई बसत नाही. खोलीतलं सामान हलवायची वेळ येते तेव्हा आईच म्हणते, की सामान काढलं तर आपण आशा सोडली असं होईल, तो परत आला तर त्याला सगळं जसंच्या तसं मिळायला हवं. वडील सफरचंदं फेकून मारतात, एक पाठीत रुततं, तेव्हा मुलाच्या जिवासाठी नवऱ्याच्या गळ्यात पडून गयावया करणारी तीच. भाडेकरूचा हिशेब करणारी बाई अशी वागत नाही. ग्रेगोरही निव्वळ बिचारा नाही. चादर पाठीवर ओढून, त्यासाठी चार तास खपून, तो बहिणीच्या नजरेआड राहायची सोय करतो हे खरं. पण बहिणीला आपल्या खोलीत ठेवून घ्यावं, आपण जिवंत असेपर्यंत बाहेर जाऊ देऊ नये, सगळ्या दारांशी उभं राहून येणाऱ्यांवर फिस्कारावं, असंही त्याच्या मनात येतं. तिथे त्याची खोली तिचा तुरुंग झाली असती. जो अर्थ एवढं सगळं सांभाळून उभा राहील तो ठेवा. माझा थोडा वाकला, पण मोडला नाही. आईला मी वेगळ्या परिच्छेदात लिहिलं आणि तिथे माझं वाक्य अपुरं आहे असं स्पष्ट नोंदवलं.

हेही तपासा, की गोष्ट कोणाच्या डोळ्यांनी दिसते. जवळजवळ शेवटपर्यंत आपण ग्रेगोरच्या डोक्यात आहोत. घरचे त्याला विसरले, त्याची काळजी करत नाहीत, हे सगळं त्याला दाराआडून ऐकू आलेलं आहे. पहाटे मनोऱ्याच्या घड्याळात तीनचे टोले पडतात, उजाडू लागतं आणि तो मरतो. त्यानंतरही गोष्ट चालू राहते आणि एकदम मोकळी होते. वडील आता साम्सा साहेब म्हणून येतात, भाडेकरूंना हाकलतात, तिघं जण रजेचे अर्ज लिहून ट्रामने गावाबाहेर जातात. मार्च संपत आलाय, ऊन पडलंय, तिघांच्याही नोकऱ्या बऱ्या आहेत. ग्रेगोरने निवडलेलं ते घर सोडून लहान, स्वस्त घर घ्यायचं ठरतं. मग आई-वडिलांच्या लक्षात येतं, की मुलगी लग्नाची झाली. या शेवटाबद्दल तुम्हाला काय वाटतं ते नक्की लिहा, कारण इथेच वाचणाऱ्यांची दोन टोकं होतात. काफ्काला स्वतःला हा शेवट अजिबात आवडला नव्हता, 1914 च्या डायरीत त्याने तो वाचवत नाही असं लिहिलंय. मला तो अचूक वाटतो. कमावता गेल्यावर घर बसेल असं ज्याला वाटत होतं, त्याच्यामागे घर चालतं, एवढंच नव्हे तर बरं चालतं, हे पाहायला तो उरलेला नाही आणि आपण उरलो आहोत.

लेखकाचं चरित्र कधी उघडायचं

सगळं झाल्यावर. आधी उघडलंत तर प्रत्येक पानावर काफ्काचे वडील दिसू लागतील. हेरमान काफ्का हे दणकट, दुकानदार गृहस्थ, आणि 1919 साली मुलाने त्यांना लिहिलेलं, त्यांच्या हातात कधीच न पडलेलं शंभरावर पानांचं पत्र, हे सगळं खरं आहे. पण ते पत्र गोष्टीच्या सात वर्षं नंतरचं. त्यापेक्षा चरित्रातली 1912 च्या शरदाची काही पानं जास्त कामाची. ऑक्टोबरमध्ये घरच्यांनी त्याच्यामागे लकडा लावला, की मेव्हणा फिरतीवर आहे तर तू घरच्या ॲस्बेस्टसच्या कारखान्यावर लक्ष ठेव. धाकटी बहीण ऑट्ला, त्याची सर्वांत जवळची, तिनेही आई-वडिलांची बाजू घेतली. खिडकीतून उडी टाकावी असं मनात आल्याचं त्याने मित्राला, माक्स ब्रोडला, पत्रात कळवलं. त्यानंतर महिना-सव्वा महिन्यात, 17 नोव्हेंबरला, अंथरुणात पडल्या पडल्या त्याला ही गोष्ट सुचली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपली. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा, आई-वडिलांच्या घरी, ज्या खोलीत राहत होता ती बैठकीची खोली आणि आई-वडिलांची खोली यांच्या मधली. सगळ्यांचा जाण्या-येण्याचा रस्ता तिथूनच. हे वाचल्यावर तुमच्या नकाशाकडे पुन्हा एकदा बघा.

एवढं चरित्र पुरे. कारण तेवढ्यावरून ‘ग्रेटे म्हणजे ऑट्ला’ असं समीकरण मांडलंत, तर फडक्याने उचललेलं भांडं आणि पायाने सरकवलेलं खाणं तुमच्या वहीतून पुसलं जाईल.

शेवटी एक पान लिहा, दोन नकोत. त्यात तुमचं एक वाक्य, त्याला आधार देणारे पुस्तकातले तीन-चार प्रसंग, त्याच्या विरोधात जाणारा एक तरी प्रसंग, आणि पहिल्या पानावरच्या ‘मी घरात कोण आहे’ या ओळी. चार जणांत वाचणार असाल तर चर्चेआधी सगळ्यांनी आपापलं पान लिहून आणायचं. नाहीतर जो आधी बोलतो त्याचाच अर्थ सगळ्यांचा होतो. आमच्याकडे एक मुलगा स्पर्धा परीक्षांची तयारी करत घरी बसलेला आहे. त्याने आणलेल्या पानावर फक्त नाताळ होता: ग्रेगोर बहिणीला संगीत शिकायला पाठवणार होता, ते तो नाताळच्या आदल्या रात्री जाहीर करणार होता, आणि व्हायोलिन ऐकताना त्याला शंका येते, की नाताळ होऊन गेला की काय. ज्याला घरच्यांना काहीतरी चांगलं सांगायचंय आणि तारीख उलटून जातेय, त्याचं हे वाचन. मी इतक्यांदा वाचूनही ती ओळ मला दिसली नव्हती.

पुढे वाचायचं असेल तर काफ्काच्याच दोन गोष्टी घ्या, ‘द जजमेंट’ आणि ‘द स्टोकर’. 1913 मध्ये त्याने प्रकाशक कुर्ट वोल्फला सुचवलं होतं, की या दोन आणि ‘मेटामॉर्फसिस’ अशा तीन गोष्टी एकाच पुस्तकात याव्यात आणि पुस्तकाचं नाव असावं ‘मुलगे’. ‘द जजमेंट’ आधी घ्या. ती त्याने एका रात्रीत लिहिली होती, आणि तिच्यात किडा नाही, फक्त बाप आणि मुलगा आहेत.